आवाजाच्या यंत्राची ऑर्डर

इमारतीतली लहानथोर सगळी माणसं त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, तरी हे नाव काही सुटलं नव्हतं. तेहतीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. जिन्याखालची अरुंद खोली, भिंतीत वर एक जाळी, आणि जाळीतून दिसणाऱ्या जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपला. जगाचं दर्शन एवढंच. बाकी सगळं जग कानात.

कामाच्या पहिल्याच दिवशी बोर्डावरच्या मोठ्या बाईंनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. नंबर मिळाला की तो मोठ्यानं परत म्हणायचा. पलीकडच्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. आणि ऐकलेलं तिथंच सोडून घरी जायचं. तिसरी गोष्ट संसारातही फार उपयोगी पडते, असं ऑपरेटरबाई पुढे नव्या मुलींना सांगत, आणि मुली हसत. पहिल्या गोष्टीवर मात्र त्या कुणाला हसू देत नसत. एकदा रक्तपेढीचा सत्तेचाळीस आणि धुलाईखान्याचा चौऱ्याहत्तर यांची गफलत होता होता राहिली, ती केवळ त्यांनी नंबर परत म्हटला म्हणून. ऑपरेशनच्या टेबलावरचा माणूस वाचला. तो कोण, कुठला, त्यांना कधी कळलं नाही. पण तेव्हापासून नंबर परत म्हणणं हे त्यांच्या अंगात श्वासासारखं भिनलं. दुकानदारानं भाव सांगितला की त्या तो परत म्हणत. लांबून बसचा आकडा दिसला की ओठ आपोआप हलत.

"मी तुला फोनवरून मागणी घातली असती ना," मास्तर म्हणायचे, "तर तीसुद्धा तू परत म्हणून खात्री करून घेतली असतीस."

"घेतलीच होती," बाई म्हणायच्या. "तुम्हीच घाबरून फोन ठेवलात."

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत कवायत शिकवायचे. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून त्यांनी 'सावधान' म्हटलं की दुसऱ्या टोकाच्या टाचा खटकन जुळायच्या, आणि शाळेसमोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा पोट आत घ्यायचं. घरात ते कुजबुजले तरी वरच्या मजल्यावर ऐकू जाई. मुलाच्या लहानपणी त्याच्या गणिताचे मार्क सगळ्या इमारतीला पाठ असत. एकानं ओरडायचं आणि एकीनं ऐकून घ्यायचं, असा तो संसार. चाळीस वर्षं तो बरा चालला.

मग दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. गळ्याच्या खळीत एक भोक राहिलं, श्वास तिथून. शिंकसुद्धा तिथून. हातात लहान मुलांची असते तशी प्लास्टिकची पाटी आली, खालची पट्टी ओढली की पुसली जाते ती. सुरुवातीला मास्तर तिच्यावर भांडायचे देखील. 'भाजीत मीठ मोजून घालतेस की अंदाजानं, अंदाजानं असेल तर अंदाज सुधार,' एवढं लांबलचक लिहायचे आणि पाटी बाईंच्या नाकासमोर धरायचे. पुढे वाक्यं आखूड झाली. मग एकेक शब्द उरला. मग बोट. पाणी हवं असलं की तांब्याकडे बोट, दिवा नको असला की दिव्याकडे. शेवटी बोटही उचलेनासे झाले. बाईंनी आपणहून ओळखावं, नाहीतर राहू द्यावं.

घर इतकं शांत झालं की बाईंना शेजारच्यांच्या नळाचं पाणी कधी येतं तेही कळू लागलं. ज्या कानांनी तेहतीस वर्षं सगळ्या गावाचं ऐकलं, त्या कानांना आता एका माणसाचा आवाज मिळत नव्हता.

इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मास्तरांना एक यंत्र दाखवलं. छोट्या टॉर्चच्या आकाराचं, मुठीत मावणारं. ते गळ्याला बाजूनं टेकवायचं, बटण दाबायचं, आणि नेहमीसारखे ओठ हलवायचे. गुणगुणणाऱ्या आवाजाला ओठ शब्दांचा आकार देतात. मास्तरांनी आधी तोंड वाकडं केलं. मग शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचा हात धरून नेमकी जागा शोधून दिली, बटण दाबलं, आणि पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तशा आवाजात मास्तर आपल्या बायकोला म्हणाले, "चल. उशीर झाला."

"चौदा महिन्यांनी बोललात, आणि हेच?" शिकवणाऱ्या बाई हसून म्हणाल्या.

ऑपरेटरबाई हसल्या नाहीत. त्या बाहेर बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

इस्पितळातलं यंत्र शिकवण्यापुरतं होतं. घरी न्यायचं तर स्वतःचं विकत घ्यावं लागे. ते गावातल्या कुठल्याच दुकानात नव्हतं. इंटरनेटवर एका दुकानाकडे मिळत होतं, आणि किंमत बाईंच्या सहा महिन्यांच्या पेन्शनएवढी होती. त्यांच्याकडे नेमकी तेवढ्याच्या आसपासची एक ठेव उरली होती. घ्यावं की थांबावं, यात काही आठवडे गेले. तेवढ्यात तपासणीत नवी गाठ दिसली. दोन महिन्यांनी किरणांचा उपचार सुरू करायचा ठरलं.

"यंत्र त्याआधी आणा," शिकवणाऱ्या बाईंनी ऑपरेटरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. "किरणांनी गळ्याची कातडी टणक होते. मग आवाज आत जात नाही. आधी सवय झालेली असली, तर निदान थोडं तरी जमतं. नाहीतर अवघड आहे."

"आणि डॉक्टर म्हणतात, हातात वर्षभर म्हणा," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"वर्षभर म्हणा," त्या बाईंनी जमिनीकडे बघत म्हटलं.

म्हणजे हिशोब सरळ होता. एका वर्षात मास्तर जे काही बोलणार होते, ते त्या मुठीएवढ्या वस्तूतून येणार होतं, आणि ती दोन महिन्यांत हातात पडायला हवी होती.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. त्याला फोन केला.

"आई, तू त्या ऑनलाइनच्या भानगडीत पडू नकोस. मी बघतो."

"कधी बघतोस?"

"या महिन्यात घराचा हप्ता आहे, धाकटीची फी आहे. पुढच्या महिन्यात बघू."

"पैसे मी देते रे. तू फक्त मागव."

"पैशांचं नाही गं. पण बाबांना आता सवय झालीय ना? ते पाटीसुद्धा वापरत नाहीत म्हणतेस. यंत्र तरी वापरतील का?"

मुलानं "ठेवू का?" विचारलं आणि ठेवला, मग बाईंनी ठेवला. पुढचा महिना म्हणजे कुठला, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. त्यांनी ठरवलं, आपणच मागवायचं. आणि मागवायचं तर पैसे असे भरायचे की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

पहिला सल्ला खालच्या झेरॉक्सवाल्यानं दिला. "मावशी, सोपं आहे. ते चौकोनी चित्र येतं ना, मोबाइल समोर धरा, आकडा टाका, आणि मोकळ्या व्हा."

"मोकळी व्हायचीच तर भीती वाटते मला," बाई म्हणाल्या.

"घाबरून कसं चालेल? मी तर साबणसुद्धा तसाच घेतो."

"साबण नाही आला तर तू पारोसा राहशील. माझं तसं नाही बाबा."

तिथून त्या बँकेत गेल्या. तिथं खिडकीमागे एक तरुण मॅडम बसायच्या. तोंडाच्या तुटक, पण मनानं सरळ. बाईंनी विचारलं, सगळ्यात सुरक्षित काय?

"वस्तू हातात आल्यावर पैसे देणं," मॅडम म्हणाल्या.

"एवढ्या किमतीच्या मालाला ते तसं देत नाहीत. मी बघितलं."

"मग थेट त्यांच्या खात्यात मुळीच टाकू नका. गेलेला पैसा परत आणायला माझ्या हातात काही नाही. कार्डानं भरा, माल नाही आला तर तक्रार तरी करता येते. पण तुमच्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड वापरू नका. आपण दुसरं खातं काढू. त्यात किमतीपुरतेच पैसे ठेवायचे. चोर आलाच तर एका खोलीत शिरेल, सगळ्या घरात नाही."

हे बाईंना फार पटलं. त्यांनी ठेव मोडली, नवं खातं काढलं, त्याचं वेगळं कार्ड घेतलं. मॅडमनी दहादा बजावलं: कार्ड कुठं साठवून ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या मोबाइलवरून भरायचं नाही, आणि मोबाइलवर जो सहा आकडी कोड येतो तो कुणाला, म्हणजे कुणालाही, सांगायचा नाही. "मीसुद्धा विचारला तरी नाही," मॅडम म्हणाल्या. बाईंनी ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवलं. या सगळ्यात तीन आठवडे गेले. घाई नको म्हणून गेले.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मास्तर बाल्कनीत पेपर वाचत असताना, बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या. चष्मा पुसला. दुकानाचं पान उघडलं, पत्ता एकेक अक्षर ताडून बघितला. यंत्र निवडलं. कार्डाचे आकडे भरले. बटण दाबलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागलं, फिरत राहिलं, आणि मग ऑर्डरच्या नंबराखाली ओळ आली: व्यवहार अपूर्ण.

पैसे गेले नव्हते, काही बिघडलं नव्हतं. तेच बटण पुन्हा दाबलं असतं तर काम झालं असतं. पण अपूर्ण म्हणजे काय? पैसे इथं, की तिथं, की मध्येच कुठं लोंबकळतायत? त्यांनी दुकानाचा फोन नंबर शोधला. दुकानाच्या पानावर नंबरच नव्हता. प्रश्न टाइप करायची नुसती एक चौकट होती. नंबर नसलेलं दुकान म्हणजे त्यांना दार नसलेलं घर वाटलं. मग त्यांनी शोधाच्या पानावर दुकानाचं नाव आणि पुढे 'मदत नंबर' असं लिहिलं. पहिलाच नंबर ठळक अक्षरात वर आला.

बाईंना हायसं वाटलं. पडद्यातलं त्यांना काही कळत नसे, पण फोनवरच्या माणसाची पारख त्यांच्याइतकी कुणाला होती? पहिल्या 'हॅलो'मध्ये त्या माणूस ओळखत. घरातला जुना फोन त्यांनी ओढून जवळ घेतला, मोबाइल समोर ठेवला आणि नंबर फिरवला.

पलीकडे एक पुरुष होता. आवाज स्वच्छ, न घाई, न रेंगाळ. "नमस्कार, मी तुमची काय मदत करू?" आणि मग, बाईंनी ऑर्डरचा नंबर सांगितला तेव्हा, त्यानं तो त्यांना परत म्हणून दाखवला. तीन-तीन आकड्यांचे गट करून, मधे किंचित थांबून. अगदी शिकवल्यासारखा.

"कुठं शिकलात हो बोर्डाचं काम?" बाईंनी न राहवून विचारलं.

"नोकरीतच, मॅडम," तो नम्रपणे म्हणाला.

त्यांच्या मनातलं जे काही आखडलेलं होतं, ते तिथं सैल झालं. त्यानं मोबाइलचा नंबर विचारून घेतला आणि सांगितलं, तुमचे पैसे मधल्या टप्प्यावर अडकलेत. मी मोबाइलवर एक अर्ज पाठवतो, तुमचे तुम्हीच भरा, मला कार्डाचा एकही आकडा सांगू नका. बाईंना हे आवडलं. अर्ज आला. त्यांनी कार्डाचे आकडे भरले, मागचे तीन आकडे भरले. मग मोबाइल वाजला आणि कोड आला. अर्जात कोडासाठी चौकट होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "कोड मी भरणार नाही."

"अगदी बरोबर, मॅडम. भरू नका, मलाही सांगू नका. असे दक्ष ग्राहक कमी असतात. मी तुमचे अडकलेले पैसे इथूनच पुढे सरकवतो. फक्त एवढं बघा, तो मेसेज खरंच बँकेचा आहे ना? सहाच आकडे आहेत ना? कधी कधी खोटे मेसेज येतात, त्यात पाच असतात."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि मोजलं.

"चार, शून्य, सात," किंचित थांबून, "सात, एक, नऊ. हो, सहा आहेत."

त्यांनी काही सांगितलं नव्हतं. आकडे समोर आले आणि तोंडानं ते म्हटले, एवढंच.

बाल्कनीच्या दारात मास्तर उभे होते. पाणी घ्यायला आत आले असावेत. या असल्या फसवणुकीच्या बातम्या ते रोज पेपरात वाचत; दुसरं काम काय होतं त्यांना? त्यांनी दाराच्या चौकटीवर हात आपटला. बाईंचं लक्ष गेलं नाही. त्यांनी टाळी वाजवली, एकदा, दोनदा. तोंड पूर्ण उघडून त्यांनी काही म्हटलं, आणि गळ्याच्या भोकातून फक्त हवा सुटली, सायकलच्या चाकातून सुटते तशी. बाईंनी मागे न वळता डावा हात वर केला, तळवा त्यांच्याकडे करून. फोन चालू असताना घरात कुणी बोललं की त्या नेहमी असा हात करत. थांबा जरा.

"धन्यवाद, मॅडम," पलीकडचा म्हणाला. "लाइनवर राहा, ठेवू नका." आणि संगीत सुरू झालं.

बाई लाइनवर राहिल्या. मोबाइल पुन्हा वाजला. बँकेचा मेसेज, खात्यातून पूर्ण रक्कम गेल्याचा. त्या मनात म्हणाल्या, झालं बाई एकदाचं, ऑर्डर लागली. मास्तर पाटी शोधत होते. ती कित्येक दिवस कुणी वापरली नव्हती. कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडली. त्यांनी ती आणून बाईंच्या समोर आपटली. वर एकच शब्द होता: चोर.

बाईंनी तो वाचला. मास्तरांकडे बघितलं. कानात संगीत वाजतच होतं. पलीकडच्यानं फोन ठेवलेला नव्हता. त्यांनी रिसीव्हर खाली आणला, पुन्हा कानाला लावला, आणि मग मास्तरांनीच हात पुढे करून खटका दाबला.

बँकेच्या तक्रारीच्या नंबरावर त्या बराच वेळ रांगेत होत्या. त्यांचा नंबर लागला तेव्हा पैसे तीन खात्यांतून फिरून निघून गेले होते.

दुपारी मास्तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाई शेजारी बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "काहीतरी लिहा. रागवा तरी." बऱ्याच वेळानं मास्तरांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'मी हाका मारत होतो.' बाईंनी ते धड वाचलं न वाचलं तोच त्यांनी पट्टी ओढली.

बँकेतल्या मॅडमनी एक अर्ज पुढे केला. त्यात एक प्रश्न होता: ग्राहकाने कोड स्वतः कुणाला सांगितला काय? हो किंवा नाही.

"सांगितलात का, मावशी?"

"मी सांगितला नाही. मी म्हटला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "असं कसं म्हणता? म्हटला म्हणजे सांगितलाच ना."

"हो लिहिलं तर?"

"तर इथंच संपलं. नाही लिहिलं तर चौकशीला जाईल."

ज्या बाईंनी आयुष्यात चुकीचा नंबर जोडून तो बरोबर होता असं कधी म्हटलं नाही, त्यांनी 'नाही'वर खूण केली. त्या क्षणी त्या मास्तरांच्या गळ्यासाठी याहून मोठं खोटंही बोलल्या असत्या. पण खोट्यालाही कपाळ लागतं. एकोणीस दिवसांनी पत्र आलं: व्यवहार योग्य कोड वापरून झालेला असल्यामुळे बँक जबाबदार नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि एक क्रमांक दिला. मॅडमचा सल्ला तसा खराच ठरला. पेन्शनच्या खात्याला धक्का लागला नव्हता. चोर एकाच खोलीत शिरला होता. पण घरात नेण्यासारखं जे होतं ते बाईंनी नेमकं त्याच खोलीत नेऊन ठेवलं होतं.

मुलाला सांगावंच लागलं.

"आई, कोड सांगायचा नसतो हे आज शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"हो."

"मी म्हणत होतो ना, मी बघतो म्हणून?"

"हो रे."

"नुसतं हो हो करू नकोस. बोल काहीतरी."

"काय बोलू? बोलले म्हणूनच तर झालं हे."

मुलगा म्हणाला, दोन पगार होऊ दे, मी मागवतो. तो वाईट नव्हता; त्यानं शब्द पाळलाही. पण मधे किरणं सुरू झाली. आठवड्यातून पाच दिवस बाई मास्तरांना घेऊन जात. आधी कातडी लाल झाली, मग काळवंडली, मग चामड्यासारखी घट्ट. जबडा उघडेना. पेज-पाणी नळीनं. वाचा शिकवणाऱ्या बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या की मास्तरांच्या गळ्याकडे बघत आणि मग बाईंकडे बघायचं टाळत.

सातव्या आठवड्यात यंत्र आलं. मुलानं आपल्या कार्डानं दोन मिनिटांत पैसे भरले होते. त्याला काहीच अडलं नव्हतं. खोकं सुबक होतं. वरातीमागून आलेलं घोडं, पण घोडं देखणं होतं.

बाईंनी यंत्र मास्तरांच्या गळ्याला डावीकडे टेकवलं, उजवीकडे टेकवलं, हनुवटीखाली, गालाला. शिकवणाऱ्या बाई एकदा घरीही येऊन गेल्या. तोंडात नळी धरून बोलायची दुसरी सोय होती, पण तोंड तेवढं उघडत नव्हतं. नुसता भुंगा. शब्द आतच. पहिले दोन दिवस मास्तरांनी जीव तोडून प्रयत्न केला. ओठ हलवत राहिले, लांबच लांब काहीतरी, कपाळाला घाम. यंत्र एका सुरात गुणगुणत राहिलं. तिसऱ्या दिवशी बाईंना ते बघवेना, आणि त्यांनी खोटंच म्हटलं, "कळलं हो, कळलं मला." मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. ती नजर रागाची असती तरी चाललं असतं. त्यांनी अंगठ्यानं बटण सोडलं, आणि त्यानंतर ते यंत्र त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःहून पाटी मागितली. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. 'परत कर. मुलाचे पैसे.'

माल पसंत नसला तर सात दिवसांत परत घेण्याची त्या दुकानाची सोय होती. मुलानं तिकडून विनंती टाकली. सहाव्या दिवशी दुपारी कुरियरवाला आला. पन्नाशीचा, जिना चढून दमलेला. त्यानं खोकं उघडून आतल्या वस्तू मोजल्या, पुन्हा बंद केलं, आणि एक छापील कागद बाईंपुढे धरला.

"परत करायचं कारण, बाई. यातल्या एकावर खूण करा."

चार कारणं होती. वस्तू खराब. चुकीची वस्तू. उशिरा पोहोचली. गरज उरली नाही. बाईंनी 'उशिरा पोहोचली'वर पेन टेकवलं.

"अहो बाई, ते नको," तो म्हणाला. "उशिरा कुठं? सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी मीच आणून दिलं होतं तुम्हाला. तिथं खूण केलीत तर माझ्या नावावर लागतं."

"पण ते उशिराच आलं."

"माझ्याकडून नाही ना. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

आतल्या खोलीतून मास्तरांच्या श्वासाची शिट्टी येत होती. तो माणूस तिथे बिचारा रुमालानं मान पुसत उभा होता. त्याची काही चूक नव्हती. बाईंनी पेन उचललं आणि खालच्या चौकटीत, गरज उरली नाही, तिथं खूण केली.

त्यानं सही घेतली, खोकं काखोटीला मारलं. "पैसे पाच दिवसांत जमा होतील," तो जिन्यावरून म्हणाला. "ज्या कार्डातून गेले त्यातच. काळजी करू नका, अगदी सुरक्षित असतं ते."